खोल समुद्रात जिंकलेला, उथळ सरोवरात हरलेला : आन्हेल लाबोर्दे

व्हेनेझुएलात २४ जुलै हा दिवस दुहेरी मानाचा आहे. १७८३ साली याच दिवशी सिमोन बोलिव्हारचा काराकासमध्ये जन्म झाला आणि १८२३ साली याच दिवशी माराकाइबोच्या सरोवरात झालेल्या नाविक लढाईने स्पेनचे तिथले राज्य जवळजवळ संपवले. म्हणून तिथे हा नौदल दिनही असतो. जिंकलेल्या बाजूचा सेनानी होसे पादिया. त्याचे पुतळे आहेत, त्याच्या नावाच्या नौदल संस्था आहेत. हरलेल्या बाजूच्या ताफ्याचा प्रमुख होता आन्हेल लाबोर्दे इ नावारो. त्याच्याबद्दल मराठीत काही वाचल्याचे मला आठवत नाही.

हरलेल्यांचा इतिहास का वाचायचा, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, एखादे साम्राज्य नेमके कसे कोसळते ते जेत्यांच्या कथेतून नीट कळत नाही. त्या कथेत शूर लोक लढतात आणि जुलमी सत्ता पडते. सत्ता आतून कुठे पोखरली होती, तिची कुवत असलेली माणसे का हतबल झाली, हे लाबोर्देसारख्या माणसाच्या नोकरीच्या कागदांत सापडते. लाबोर्दे नालायक नव्हता. आपल्या काळातल्या उत्तम दर्यावर्दी अधिकाऱ्यांपैकी तो एक होता.

युद्ध कोणाचे कोणाशी?

आधी थोडी पार्श्वभूमी. १८०८ मध्ये नेपोलियनने स्पेनचा राजा सातवा फर्नांडो याला कैदेत टाकले आणि आपल्या भावाला गादीवर बसवले. राजाच जागेवर नसल्यावर अमेरिकेतल्या स्पॅनिश प्रांतांत प्रश्न उभा राहिला की आता हुकूम कोणाचा मानायचा. शहरांनी आपापली मंडळे स्थापन केली. काहींनी राजाच्या नावाने कारभार चालवला, काहींनी हळूहळू स्वातंत्र्याची भाषा सुरू केली. १८१४ मध्ये राजा परतला, त्याने राज्यघटना रद्द केली आणि पुढच्याच वर्षी जनरल पाब्लो मोरियोला दहा हजारांच्या आसपास सैन्य देऊन व्हेनेझुएलावर धाडले.

इथून पुढे जे चालले त्याला केवळ ‘स्पेन विरुद्ध वसाहती’ म्हणणे अपुरे आहे. राजाच्या बाजूने लढणाऱ्यांत अमेरिकेतच जन्मलेले हजारो लोक होते. स्वातंत्र्याच्या बाजूला इंग्रज, फ्रेंच, बाल्टिमोरचे खाजगी लढाऊ जहाजवाले असे कितीतरी परके होते. राजाची बाजू धरून राहिलेल्यांना आपण राजनिष्ठ म्हणू. लाबोर्दे त्यांतला. १७७२ मध्ये काडिझला जन्मलेला, म्हणजे स्पॅनिश आरमाराच्या अंगणातच वाढलेला.

आणि त्याचा प्रतिस्पर्धी पादिया? तोही त्याच आरमारातून आलेला. रिओआचाच्या किनाऱ्यावरचा हा आफ्रिकी व मूलनिवासी वंशाचा मुलगा स्पॅनिश जहाजांवर राबला, १८०५ मध्ये ट्रफाल्गारच्या लढाईत स्पेनच्या बाजूने लढला, इंग्रजांच्या हाती सापडला आणि काही वर्षे कैदेत काढून सुटला. माराकाइबोत समोरासमोर आलेल्या दोन्ही सेनानींना समुद्र शिकवणारी शाळा एकच होती.

जहाजे होती कुठे?

लाबोर्देची कारकीर्द समजायची तर स्पॅनिश आरमाराची तेव्हाची दैना लक्षात घ्यावी लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनचे आरमार जगातल्या पहिल्या तिघांत गणले जाई. ट्रफाल्गारला त्याचा मोठा घास गेला, पण खरा घात त्यानंतर झाला. नेपोलियनशी सहा वर्षे स्पेनच्याच भूमीवर युद्ध चालले. सगळा पैसा, सगळी माणसे जमिनीवरच्या फौजेला लागली. गोद्या ओस पडल्या, बंदरात नांगरलेली जहाजे जागीच कुजली, अधिकाऱ्यांचे पगार वर्षानुवर्षे थकले. अमेरिकेतून येणारी चांदी आटल्यावर तर डागडुजीलाही पैसा उरला नाही.

१८१७ मध्ये फर्नांडोने यावर एक उपाय काढला. रशियाच्या झारकडून त्याने पाच मोठी युद्धजहाजे आणि तीन फ्रिगेटी, म्हणजे त्यांहून लहान पण वेगवान लढाऊ जहाजे, विकत घेतली. हा व्यवहार नौदल खात्याला अंधारात ठेवून झाला. १८१८ च्या सुरुवातीला तो ताफा काडिझला पोचला तेव्हा बहुतेक जहाजांचे लाकूड लांबच्या प्रवासाला टिकणारे नाही असे दिसून आले. झारने भरपाई म्हणून आणखी तीन फ्रिगेटी दिल्या. या ताफ्यातली मारिआ इसाबेल ही फ्रिगेट त्याच वर्षी चिलीच्या किनाऱ्यावर शत्रूच्या हाती लागली. १८३३ मध्ये फर्नांडो वारला तेव्हा स्पेनकडे पहिल्या दर्जाची अवघी तीन युद्धजहाजे उरली होती.

या हिशेबात लाबोर्देसारख्या अधिकाऱ्याच्या वाट्याला काय येत असेल? दोन-चार जहाजे, अपुरे खलाशी आणि हजारो मैलांचा किनारा.

१८२३ : एक विजय आणि एक सापळा

१८२० मध्ये स्पेनमध्ये बंड झाले. अमेरिकेला पाठवायला काडिझजवळ जमवलेली फौजच उठली आणि राजाला पुन्हा राज्यघटना मानावी लागली. याचा अमेरिकेतल्या राजनिष्ठांना बसलेला फटका फार मोठा होता, कारण नवी कुमक येणार नाही हे त्या दिवशी ठरले. मोरियोने बोलिव्हारशी युद्धबंदीचा करार केला आणि तो मायदेशी निघून गेला. २४ जून १८२१ रोजी काराबोबोच्या माळावर राजनिष्ठ फौज मोडली. व्हेनेझुएलात त्यांच्या हाती मुख्यतः पुएर्तो काबेयो हे तटबंदीचे बंदर उरले.

किनाऱ्यावरचे एकच बंदर हाती उरले की त्याचा जीव समुद्रात असतो. दाणागोटा, दारूगोळा, पत्रे, पैसा सगळे पाण्यातून येणार. त्यामुळे राजनिष्ठांचा तिथला टिकाव आरमारावर आणि पर्यायाने लाबोर्देवर अवलंबून राहिला. उरल्यासुरल्या फौजेचा प्रमुख झाला फ्रान्सिस्को तोमास मोरालेस, कॅनरी बेटांवरून आलेला, शिपाईगिरीतून वर चढलेला, धाडसी आणि निर्दय माणूस. सप्टेंबर १८२२ मध्ये त्याने अनपेक्षित झेप घेऊन पश्चिमेकडचे माराकाइबो शहर जिंकले. राजनिष्ठांच्या गोटात पुन्हा आशा पालवली.

कोलंबियाने, म्हणजे बोलिव्हारच्या त्या वेळच्या मोठ्या प्रजासत्ताकाने, पुएर्तो काबेयोची समुद्रातून नाकेबंदी केली होती. १ मे १८२३ रोजी लाबोर्दे फ्रिगेट कोन्स्तितुसिओन आणि कोर्व्हेट (फ्रिगेटीहून लहान युद्धजहाज) सेरेस घेऊन त्या नाकेबंदीवर चालून गेला. समोर बाल्टिमोरचा कॅप्टन डॅनल्स होता, कोलंबियाच्या सेवेत आलेला. लढाईत लाबोर्देने शत्रूची कोर्व्हेट मारिआ फ्रान्सिस्का आणि कोर्व्हेट काराबोबो ही दोन्ही जहाजे पकडली. नाकेबंदी उठली. खुल्या समुद्रात, खोल पाण्यात, वारा ओळखून जहाज चालवणारा कसलेला अधिकारी काय करू शकतो ते त्या दिवशी दिसले.

पण पुढच्याच आठवड्यात पादियाने असे काही केले की हा विजय बाजूला पडला.

माराकाइबोचे सरोवर नकाशावर पाहा. तेरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचा हा प्रचंड जलाशय एका अरुंद मार्गाने समुद्राला जोडलेला आहे. त्या मार्गाच्या तोंडाशी वाळूचा बांध साचतो. कोकणातल्या खाड्यांच्या मुखाशी असा बांध असतो, भरती पाहूनच होडी आत घ्यावी लागते आणि माहीतगार तांडेल नसेल तर तळ घासलाच म्हणून समजा. तोच प्रकार इथे, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. शिवाय तोंडावर सान कार्लोसचा किल्ला आणि त्यावर राजनिष्ठांच्या तोफा. या वाटेने शत्रू आत येणार नाही अशी मोरालेसची खात्री असणार.

८ मे १८२३ रोजी पादिया आत शिरला. किल्ल्याच्या तोफांचा मारा झेलत, वाळूवर घासत त्याने आपली जहाजे एकेक करून बांधापलीकडे काढली. त्यात एक ब्रिग, म्हणजे दोन डोलकाठ्यांचे लढाऊ जहाज, रुतली, ती सोडून द्यावी लागली. बाकीचा ताफा सरोवरात पोचला आणि मोरालेसची अवस्था उलटी झाली. शहर त्याच्या हाती, किल्ला त्याच्या हाती, पण मधले पाणी शत्रूचे. जूनच्या मध्यावर पादिया आणि जमिनीवरचा त्याचा जोडीदार मान्रिके यांनी शहरावर हल्ला करून ते थोडक्यासाठी ताब्यातही घेतले. मोरालेसला अन्न, दारूगोळा आणि निकाल या तिन्हींची घाई झाली.

लाबोर्दे मदतीला आला, पण कसा? त्याची खरी ताकद फ्रिगेट आणि कोर्व्हेटमध्ये होती आणि ती जहाजे वाळूच्या बांधावरून आत जाणे शक्य नव्हते, पाणीच पुरत नव्हते. मोठ्या तोफा, सरावलेले नाविक, उंच बाजू, सगळे बाहेर समुद्रात नांगरून ठेवायचे आणि आपण लहान गलबतांत बसून आत जायचे, असा तो प्रसंग. आतला राजनिष्ठ ताफा म्हणजे ब्रिगी, स्कूनर (हलकी शिडाची जहाजे) आणि पुष्कळशा छोट्या सशस्त्र नावा. त्यांवर समुद्र न पाहिलेल्या पायदळ शिपायांचा भरणा. मला या सबंध कारकिर्दीत हा क्षण सर्वांत बोलका वाटतो. ज्याच्या जोरावर मे महिन्यात जिंकला, ते सारे बाहेर ठेवूनच त्याला जुलैत लढायचे होते.

२४ जुलैची दुपार

लाबोर्देने आपला ताफा सरोवराच्या पश्चिम किनाऱ्याला समांतर, माराकाइबो शहराच्या उत्तरेला रांगेत नांगरला. यामागचा विचार कळण्यासारखा आहे. नांगरलेल्या जहाजाला शिडे सांभाळायला माणसे कमी लागतात, सगळे हात तोफांवर ठेवता येतात. किनारा जवळ असल्याने एक बाजू सुरक्षित राहते. ज्याच्याकडे शिपाई भरपूर आणि खलाशी थोडे, त्याला ही मांडणी सुचणे साहजिक आहे.

तिचा दोषही तितकाच उघड आहे. नांगरलेले जहाज शेजाऱ्याच्या मदतीला जाऊ शकत नाही. कधी आणि कुठे घाव घालायचा हे पूर्णपणे शत्रूच्या हाती जाते. पादिया समोरच्या पूर्व किनाऱ्यावर अल्ताग्रासियापाशी होता. तो वाऱ्याची वाट पाहत बसला. दुपारी वारा त्याच्या पाठीशी आल्यावर त्याने नांगर उचलण्याची खूण केली आणि त्याची रांग सरळ राजनिष्ठांच्या अंगावर चालून आली.

राजनिष्ठांनी लांबूनच तोफा डागायला सुरुवात केली. पादियाच्या लोकांनी उत्तर दिले नाही. अगदी जवळ येईपर्यंत ते गप्प राहिले आणि मग एकदम मारा करून, बाजूला बाजू लावून, समोरच्या जहाजांवर उड्या घेतल्या. एकदा हातघाई सुरू झाल्यावर रांगेचा काही उपयोग राहिला नाही. कोणी नांगराचे दोर कापून पळू लागले, कोणी किनाऱ्याकडे पोहू लागले. एस्पेरान्सा नावाच्या गलबताचा स्फोट झाला. संध्याकाळपर्यंत राजनिष्ठ ताफा ताफा म्हणून उरला नव्हता.

कोलंबियाच्या बाजूचे ४४ ठार आणि ११९ जखमी झाले. राजनिष्ठांची हानी कोलंबियाच्या अहवालात आठशेच्या घरात दिली आहे, कैदी चारशेहून अधिक. लाबोर्दे एका स्कूनरमधून निसटला, सान कार्लोस किल्ल्याच्या आधाराने बाहेर पडला आणि पुएर्तो काबेयोला पोचला. ३ ऑगस्टला मोरालेसने तहावर सही केली आणि तो क्युबाला निघून गेला. नोव्हेंबरात कोलंबियाचा सेनापती पाएझ याच्या माणसांनी रात्री खारफुटीच्या पाण्यातून चालत जाऊन पुएर्तो काबेयो घेतले. व्हेनेझुएलातले युद्ध तिथे संपले.

याच काळात तिकडे स्पेनमध्ये काय चालले होते हे विसरू नये. एप्रिल १८२३ मध्ये फ्रेंच फौज स्पेनमध्ये घुसली होती, राजाला पुन्हा निरंकुश करण्यासाठी. ज्या राज्यघटनेचे नाव लाबोर्देच्या फ्रिगेटला होते, तीच घटना वाचवणारे सरकार काडिझपर्यंत मागे हटत चालले होते आणि त्याच सालच्या ऑक्टोबरात ते कोसळले. अशा सरकारकडून माराकाइबोला कुमक येण्याचा प्रश्नच नव्हता.

माराकाइबोच्या पराभवाचा दोष कोणाचा, यावर लाबोर्दे आणि मोरालेस यांच्यात कटुता राहिली. मला मोरालेसला एकट्याला धारेवर धरणे योग्य वाटत नाही. त्याच्याकडे थांबायला रसद नव्हती. पण सरोवराच्या तोंडावर किल्ला असूनही त्याने शत्रूला आत येऊ दिले आणि मग आरमाराने ते निस्तरावे अशी अपेक्षा ठेवली, हे खरे आहे. लाबोर्देची चूक नांगर टाकून वाट पाहण्यात होती. वाऱ्याचे मर्म जाणणाऱ्या माणसाने वारा शत्रूला देऊन टाकला.

हवाना : साखरेच्या पैशावरचे आरमार

एवढ्या पराभवानंतर कारकीर्द संपली असती तर नवल नव्हते. झाले उलटे. लाबोर्देला क्युबात हवानाच्या नाविक तळाची सूत्रे मिळाली आणि त्याच्या कर्तृत्वाचा दुसरा भाग सुरू झाला, जो सहसा सांगितला जात नाही.

१८२५ च्या सुमारास क्युबाला धोका खरा होता. कोलंबिया आणि मेक्सिको मिळून बेटावर स्वारी करण्याचे मनसुबे रचत होते. स्पेनच्या हाती अमेरिकेत क्युबा आणि पोर्तो रिको एवढेच ठोस उरले होते. ते वाचवायचे तर जहाजे हवीत आणि माद्रिदकडे दमडी नव्हती. तोड निघाली ती क्युबातच. तिथला महसूल प्रमुख क्लाउदिओ मार्तिनेस दे पिनियोस आणि गव्हर्नर फ्रान्सिस्को व्हिवेस यांच्या काळात बेटाची साखर युरोप-अमेरिकेत विकून जकातीचा पैसा वाहत होता. त्या पैशातून लाबोर्देच्या ताफ्याचे पगार आणि डागडुजी होऊ लागली. ही साखर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमातून पिकत होती. राजाचे आरमार उभे राहिले ते त्यांच्या घामावर, हे लिहिताना टाळता येत नाही. आणि क्युबातले बडे मळेवाले राजाशी एकनिष्ठ का राहिले याचेही मोठे कारण तेच. स्वातंत्र्ययुद्ध पेटले तर गुलाम उठतील, शेजारच्या हैतीसारखे होईल, ही धास्ती त्यांना होती.

मेक्सिकोच्या वेराक्रुझ बंदरासमोर सान हुआन दे उलुआ हा बेटावरचा किल्ला आहे. १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला तरी हा किल्ला स्पॅनिश शिबंदीने धरून ठेवला होता, हवानाहून येणाऱ्या रसदीवर. १८२५ च्या शरद ऋतूत रसद घेऊन निघालेल्या लाबोर्देच्या ताफ्याला वादळाने गाठले. त्याच्या फ्रिगेटच्या डोलकाठ्या गेल्या, ताफा विखुरला. उरलेली जहाजे वेराक्रुझसमोर आली, पण मेक्सिकन गलबते आडवी उभी पाहून मागे फिरली. किल्ल्यात लोक स्कर्व्हीने मरत होते. नोव्हेंबरात कोपिंगर या किल्लेदाराने किल्ला सोडला.

पुढची दोन-तीन वर्षे मात्र लाबोर्देची होती. मेक्सिकोने आपल्या आरमारासाठी डेव्हिड पोर्टर हा नामांकित अमेरिकन कमोडोर नेमला होता. तो फ्लोरिडाच्या टोकाशी असलेल्या की वेस्टमध्ये तळ ठोकून स्पॅनिश व्यापारी जहाजांवर धाडी घालू लागला. लाबोर्देने १८२७ मध्ये त्याला तिथेच कोंडून ठेवले. फेब्रुवारी १८२८ मध्ये मेक्सिकोची गेरेरो ही ब्रिग क्युबाच्या मारिएल बंदराजवळ आली तेव्हा हवानाहून निघालेल्या लेआल्ताद या फ्रिगेटने तिचा पाठलाग करून तिला पकडले. तिचा कॅप्टन, पोर्टरचाच एक तरुण नातलग, त्यात मारला गेला. त्यानंतर मेक्सिकोच्या आरमाराला पूर्वीचा जोर राहिला नाही. अमेरिकेच्या सरकारलाही क्युबा दुसऱ्या कोणाच्या हाती जायला नको होता, हे स्पेनच्या पथ्यावर पडले. पण समुद्रावरची राखण लाबोर्देचीच होती.

तांपिको : पुन्हा एक सेनापती, पुन्हा एक किनारा

आणि मग १८२९. फर्नांडोच्या दरबारात असा समज रुजला होता की मेक्सिकोतले लोक राजाच्या परतण्याची वाट पाहताहेत, स्पॅनिश निशाण दिसताच ते उठतील. ब्रिगेडियर इसिद्रो बारादासला साडेतीन हजारांच्या आत-बाहेर सैन्य देऊन मेक्सिको पुन्हा जिंकायला पाठवले. ५ जुलैला ताफा हवानाहून निघाला. नौका लाबोर्देच्या, फौज बारादासची.

दोघांचे वाटेतच बिनसले. वादळात सैनिकांनी भरलेले एक जहाज भरकटून थेट न्यू ऑर्लिन्सला गेले. जुलैच्या अखेरीस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर काबो रोहोला सैन्य उतरले. रणरणत्या उन्हात, डासांच्या दलदलीतून ते तांपिको बंदराकडे चालू लागले. लाबोर्दे ताफा घेऊन हवानाला परतला.

या परतण्याबद्दल त्याला माफ करणे मला जड जाते. नेमून दिलेले काम फौज उतरवण्याचे होते आणि हवाना उघडे टाकता येत नव्हते, असे त्याच्या बाजूने म्हणता येईल. पण किनाऱ्यावर उतरलेल्या फौजेची परतीची वाट म्हणजे जहाजे, हे माराकाइबो पाहिलेल्या माणसाइतके कोणाला ठाऊक असणार? लोक उठले नाहीत. पीतज्वराने छावणी पोखरली. सप्टेंबरच्या वादळाने उरलेसुरले हाल केले. सान्ता आन्ना आणि मिएर इ तेरान या मेक्सिकन सेनानींपुढे ११ सप्टेंबरला बारादासने शस्त्रे ठेवली. सान्ता आन्ना त्या विजयाने मेक्सिकोचा लाडका नायक झाला.

लाबोर्दे हवानातच राहिला आणि १८३४ मध्ये तिथेच वारला. पादिया तोवर हयात नव्हता. बोलिव्हारविरुद्धच्या कटात गोवून त्याला १८२८ च्या ऑक्टोबरात बोगोटात गोळ्या घालण्यात आल्या होत्या. स्पेनने मेक्सिकोचे स्वातंत्र्य १८३६ मध्ये मान्य केले. क्युबा, ज्याच्या किनाऱ्यावर लाबोर्देने शेवटची वर्षे पहारा दिला, तो १८९८ पर्यंत स्पेनकडे राहिला.